मलमाने सुकणारे, पुन्हा उठणारे फोड : सोलापुरातील एका कुटुंबाचे प्रकरण

मुलीचे वय ४ वर्षे, वजन १३ किलो, राहणार सोलापूर शहराच्या पूर्व भागात. जूनच्या शेवटच्या आठवड्यात आई तिला बालरोग बाह्यरुग्ण विभागात घेऊन आली ती नाकाखालच्या आणि हनुवटीवरच्या फोडांसाठी. फोड पहिल्यांदा उठल्याला महिना होत आला होता, मधल्या काळात दोनदा ते सुकले होते आणि दोन्ही वेळा काही दिवसांतच परत आले होते. "मलम लावलं की चार दिवस बरं दिसतंय, सोडलं की पुन्हा उठतंय बगा," एवढ्या एका वाक्यात आईने आजाराचा सगळा आलेख मांडला. निदान पाहताक्षणी करता येण्याजोगे होते. तो इम्पेटायगो होता, म्हणजे लहान मुलांत सर्रास आढळणारा, त्वचेच्या अगदी वरच्या थराला होणारा आणि स्पर्शाने पसरणारा जिवाणूजन्य संसर्ग. प्रकरण सविस्तर लिहिण्याचे कारण पुढचे आहे. फोड परत का येतात हा प्रश्न लावून धरल्यावर घरातले पाचही जण रुग्ण निघाले, आणि त्यांच्यातल्या सर्वांत गंभीर रुग्णाला कोणी दाखवायला आणलेच नव्हते. कुटुंबाच्या संमतीने हे लिहीत आहे आणि ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.

आजाराची हकीकत

मे महिन्याच्या अखेरीस मुलीला सर्दी झाली. वाहणारे नाक सतत पुसल्यामुळे नाकपुडीखालची कातडी सोलवटली आणि तिथे एक लालसर ठिपका उठला. दुसऱ्या दिवशी त्यावर पाण्याचा बारीक फोड आला, तो रात्रीत फुटला, त्यातून लस वाहिली आणि सकाळपर्यंत पिवळसर खपली धरली. आजीने उष्णता झाली असे म्हणून नातीचे आंबे बंद केले आणि फोडांवर खोबरेल तेलात कालवलेली हळद लावली. आंब्याचा या जिवाणूंशी काही संबंध नाही. उन्हाळ्याचा मात्र आहे, कारण घाम, खाज, डासांचे चावे आणि सोलवटलेली कातडी या सगळ्यांतून जिवाणूला आत शिरायला फट मिळते. धडधाकट, अखंड त्वचेतून तो सहसा आत जात नाही.

चार-पाच दिवसांत फोड हनुवटीपर्यंत उतरले तेव्हा वडिलांनी औषधाच्या दुकानातून एक मलम आणले. आईने त्याची पिळून पिळून चपटी झालेली ट्यूब पर्समध्ये जपून ठेवली होती, म्हणून त्यातील घटक वाचता आले : क्लोबेटासोल, जेंटामायसिन आणि मायकोनॅझोल. यांतील जेंटामायसिन हे प्रतिजैविक, मायकोनॅझोल हे बुरशीनाशक आणि क्लोबेटासोल हे अत्यंत तीव्र स्टेरॉइड आहे. स्टेरॉइड लावले की लाली आणि सूज उतरते, त्यामुळे आजार बरा होतो आहे असे वाटते. प्रत्यक्षात त्या जागेची प्रतिकारशक्ती दबलेली असते आणि जिवाणू आजूबाजूला पसरत राहतो. तीन औषधे एकत्र असली म्हणजे कोणते ना कोणते लागू पडेल, हा हिशेब दुकानदारालाही पटतो आणि गिऱ्हाइकालाही. स्टेरॉइडची मलमे चिठ्ठीशिवाय विकता येऊ नयेत यासाठी केंद्र सरकारने २०१८ साली नियम कडक केले, तरीही आमच्या बाह्यरुग्ण विभागात येणाऱ्या त्वचेच्या तक्रारींत अशी ट्यूब आधीच वापरून झालेली असणे हा अपवाद राहिलेला नाही.

दुसऱ्या खेपेला गल्लीजवळच्या एका डॉक्टरांकडून प्रतिजैविकाचे सिरप मिळाले. तिसऱ्या दिवशी खपल्या सुकल्या, म्हणून सिरप थांबवले आणि उरलेली अर्धी बाटली पुढच्या वेळेसाठी फळीवर ठेवली. पुढची वेळ लवकरच आली आणि या खेपेला डाव्या दंडावर आणि गुडघ्यावरही फोड उठले.

घराची माहिती विचारल्याशिवाय हा इतिहास पुरा होत नाही. वडील यंत्रमागावर रात्रपाळी करतात, आई टॉवेलच्या कारखान्यात काठ शिवते, आजी घरी मांडीवर सूप घेऊन विड्या वळते. नळाला पाणी तीन दिवसांआड, म्हणजे दर चौथ्या दिवशी येते आणि ते पिंपात, घागरींत, बादल्यांत साठवून पुढची पाळी येईपर्यंत पुरवावे लागते. रात्री मुले आजीच्या दोन बाजूंना एकाच चादरीखाली झोपतात. घरात अंग पुसायला टॉवेल किती, असे विचारल्यावर आईला हसू आले. "कारखान्यात ढिगानं शिवतो, घरात एकच हाय." ज्या शहराच्या टेरी टॉवेलांना देशोदेशी गिऱ्हाईक आहे त्याच शहरातील हे उत्तर होते, आणि वैद्यकीय दृष्ट्या त्या दिवसातले ते सर्वांत उपयोगी उत्तर ठरले.

तपासणी

मुलीला ताप नव्हता, ती खेळती होती. नाकपुड्यांखाली आणि हनुवटीवर गुळाच्या पाकाचे थेंब सांडून वाळावेत तशा चिकट, सोनेरी-तपकिरी खपल्या होत्या. कोमट सलाइनमध्ये भिजवलेला गॉजचा बोळा काही मिनिटे ठेवल्यावर एक खपली आपोआप सुटली आणि खाली ओलसर, गुलाबी, उथळ जखम दिसली. ही उथळता महत्त्वाची असते. जखम खोल, कडा उचललेल्या आणि तळाशी पू असेल तर तो एक्थिमा, म्हणजे त्याच जिवाणूंचा खालच्या थरापर्यंत गेलेला आणि व्रण ठेवून जाणारा प्रकार समजावा लागतो. जबड्याखाली दोन लहान, दाबल्यावर किंचित दुखणाऱ्या गाठी होत्या. दंडावरच्या फोडाची कड गोल आणि मध्य निवळलेला असल्यामुळे तो नायट्यासारखा दिसत होता. मलमातील स्टेरॉइडने त्याचे रूप पालटलेले असावे, कारण कड खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्यावर बुरशी आढळली नाही. झुबक्याने येणाऱ्या, वेदना देणाऱ्या नागिणीच्या जातीच्या फोडांची आणि कांजिण्यांची शक्यताही पाहून बाजूला ठेवली.

इम्पेटायगो दोन जिवाणूंमुळे होतो : स्टॅफिलोकोकस ऑरियस आणि स्ट्रेप्टोकोकस पायोजीन्स. कधी एकटा, कधी दोन्ही मिळून. सुमारे ७० टक्के रुग्णांत तो असाच खपल्यांच्या रूपात दिसतो. उरलेल्यांत मोठे, सैल, पाण्याने भरलेले फोड येतात आणि ते स्टॅफिलोकोकसच्या एका विषामुळे, त्वचेच्या वरच्या पेशींना धरून ठेवणारे प्रथिन तुटल्यामुळे होतात. आजार बहुतांशी २ ते ५ वर्षांच्या मुलांना होतो. दोन प्रकारांत फरक करणे उपचारासाठी फारसे निर्णायक नसते, म्हणून त्यावर इथे अधिक वेळ घालवत नाही.

निर्णायक गोष्ट चेहऱ्यापासून दूर होती. मुलगी तपासणीच्या टेबलावर बसल्या बसल्या मनगटे एकमेकांवर घासत होती. तिच्या बोटांच्या बेचक्यांत बारीक पुरळ होते, मनगटाच्या आतल्या बाजूला आणि ढुंगणावर नखांचे ओरखडे होते आणि मधल्या बोटाच्या कडेला जेमतेम अर्ध्या सेंटिमीटरची, किंचित वळणदार, राखाडी रेघ होती. त्या रेघेवर शाईच्या पेनाने रंग दिला आणि स्पिरिटच्या बोळ्याने पुसला. आजूबाजूची शाई निघून गेली, रेघेतली राहिली. खरजेच्या किड्याची मादी त्वचेत बोगदा करून त्यात अंडी घालते आणि शाई उतरली होती ती त्या बोगद्यात. रात्री खाज वाढते का, असे विचारताच आईने मानेने होकार दिला आणि न विचारता स्वतःच्या बाह्या वर केल्या. तिच्या मनगटांवर आणि बेंबीभोवती तसेच पुरळ होते.

म्हणजे मुलीला मूळ आजार खरजेचा होता. खाजवल्याने कातडी फाटत होती, फाटलेल्या जागी जिवाणू शिरत होता, नाकातून बोटांवर आणि बोटांवरून दंडावर तो जात होता. मलमाने आणि सिरपने जिवाणू काही दिवस हटत होता, परंतु कातडी फाडणारे कारण तसेच राहत होते. दुसऱ्या दिवशी आजी आणि वडील तपासणीसाठी आले तेव्हा दोघांनाही खरूज असल्याचे दिसले. आजीची बोटे विडीच्या कात्रीने आणि दोऱ्याने चिरलेली होती आणि त्या चिरांमध्येच किड्याच्या रेघा मिसळून गेल्या होत्या. "ते तंबाखूनं खाजतंय," असे ती ठामपणे म्हणाली. तंबाखूच्या धुळीने विडी कामगारांच्या त्वचेला त्रास होतो हे खरे आहे, आणि नेमक्या त्याच कारणाने तिच्या हातांकडे इतके दिवस कोणी लक्ष दिले नव्हते.

भाऊ

सात वर्षांचा भाऊ दाराजवळच्या भिंतीला टेकून उभा होता. शाळा सुरू झालेली असताना तो बरोबर का आला, याचे उत्तर आईने "दोन दिवस झाले, मलूल वाटतोय" असे दिले. त्याच्या डोळ्यांखालचा भाग सुजलेला होता. रात्री झोप नीट झाली नसेल असे घरी समजले गेले होते. नडगीवर बोट दाबून धरल्यावर खळगा राहिला. त्याच नडग्यांवर एक-दोन सेंटिमीटरचे पाच-सहा काळसर गोल डाग होते. बहिणीच्या आधी, मेच्या मध्यावर त्याला तिथे फोड आले होते आणि महिन्याभरापूर्वी ते आपोआप सुकले होते. लघवीचा रंग कसा आहे, हा प्रश्न आईऐवजी थेट त्यालाच विचारला. थोडे घुटमळून तो म्हणाला, "बिनदुधाच्या चहासारखी." सात वर्षांचा मुलगा एकटा लघवीला जातो आणि रंगाविषयी आपण होऊन घरी सांगत नाही, हे अशा वेळी लक्षात ठेवावे लागते.

मुलांच्या मापाचा पट्टा लावून घेतलेला रक्तदाब १२६/८४ होता. मोठ्या माणसाच्या बाबतीत हा आकडा कोणाला फारसा खटकणार नाही. सात वर्षांच्या मुलासाठी तो चिंताजनक असतो. लघवीत अल्ब्युमिन हे एरवी न सापडणारे प्रथिन दोन प्लस, सूक्ष्मदर्शकाखाली भरपूर तांबड्या पेशी आणि त्यांचे साचे, म्हणजे मूत्रपिंडाच्या नलिकांत त्या पेशींच्या बनलेल्या नळीसारख्या गुठळ्या होत्या. मूत्रपिंडाचे काम कसे चालले आहे ते दाखवणारे रक्तातील क्रिएटिनिन वयाच्या मानाने वाढलेले, सी३ नावाचे प्रतिकारयंत्रणेतील प्रथिन बरेच घटलेले होते. स्ट्रेप्टोकोकसविरुद्धची प्रतिपिंडे मोजणारी एएसओ चाचणी मात्र जवळपास सामान्य आली. घशाच्या संसर्गानंतर वाढणारी ही चाचणी त्वचेच्या संसर्गानंतर बऱ्याचदा वाढत नाही, त्यामुळे तिच्यावर विसंबून स्ट्रेप्टोकोकसचा संबंध नाकारणे चुकीचे ठरले असते; बाहेर पाठवलेली अँटी-डीएनेज बी ही त्याच जिवाणूविरुद्धची दुसरी चाचणी वाढलेली आली. निदान : स्ट्रेप्टोकोकस संसर्गानंतरचा मूत्रपिंडदाह.

या आजारात जिवाणू मूत्रपिंडात गेलेला नसतो. त्याच्याविरुद्ध तयार झालेली प्रतिपिंडे आणि जिवाणूचे अंश यांची गुंतवळ मूत्रपिंडाच्या गाळणीत अडकते आणि तिथे दाह होतो. घशाच्या संसर्गानंतर साधारण दहा दिवसांत हा दाह दिसतो, त्वचेच्या संसर्गानंतर मात्र ३ ते ६ आठवडे लागतात. एवढ्या अवधीत फोड सुकलेले असतात, खपल्या पडलेल्या असतात आणि चेहऱ्यावरची सूज व नडगीवरचे जुने डाग यांचा संबंध कोणत्याही पालकाला सुचणे कठीण असते. प्रतिजैविकाने प्रत्येक मुलातील हा दाह टळतोच असे म्हणता येत नाही. मात्र मूत्रपिंडाला बाधक असलेला स्ट्रेप्टोकोकस घरात आणि वस्तीत फिरायचा थांबतो, आणि फोडांवर वेळेवर व पुरेसा उपचार करण्यामागचे ते एक सबळ कारण आहे.

मुलाला त्याच दिवशी दाखल करून घेतले. मीठ बंद, पाणी मोजून, लघवी वाढवणाऱ्या फ्युरोसेमाइडचे इंजेक्शन, रक्तदाबाची गोळी, दररोज वजन आणि चोवीस तासांच्या लघवीची नोंद, असा उपचार सुरू झाला. रक्तदाब आणखी चढला असता तर झटके येण्याचा धोका होता. त्वचेवर वा घशात उरलेला स्ट्रेप्टोकोकस नष्ट करण्यासाठी पेनिसिलिन गटातील औषध दहा दिवस दिले. दाहावर त्याचा उपयोग नसतो, हे पालकांना आधीच समजावून सांगितले. पाचव्या दिवसापर्यंत रक्तदाब आवाक्यात आला, सूज उतरली आणि अंगात साठलेले पाणी निघून गेल्याने वजन जवळपास दोन किलोंनी घटले. आजी घाबरली ती नेमकी वजनाचा आकडा ऐकून, आणि तिला ते चांगले लक्षण आहे हे पटवण्यात बराच वेळ गेला.

उपचार आणि पाण्याची पाळी

मुलीसाठी नुसते मलम पुरेसे नव्हते. एक-दोन ठिकाणीच फोड असतील तर २ टक्के म्युपिरोसिन किंवा फ्युसिडिक ॲसिडचे मलम पाच ते सात दिवस लावून काम भागते. येथे चेहरा, दंड आणि गुडघा असे तीन भाग बाधित होते आणि घरात दुसरे मूल आजारी होते, म्हणून सेफॅलेक्सिनचे सिरप किलोमागे दिवसाला ४० मिलिग्रॅम या हिशेबाने तीन भागांत, सात दिवस दिले. एरवी इम्पेटायगोसाठी जिवाणूंची चाचणी करावी लागत नाही. येथे एकदा अर्धवट प्रतिजैविक होऊन गेले असल्यामुळे खपलीखालच्या लसेचा नमुना पाठवला आणि त्यात दोन्ही जिवाणू आढळले. स्टॅफिलोकोकस नेहमीच्या औषधांना दाद देणारा निघाला, त्यामुळे औषध बदलण्याची वेळ आली नाही. फळीवरची अर्धी बाटली आईने आणून दिली आणि ती फेकून दिली. पाण्यात कालवलेले असे सिरप ठरावीक दिवसांपलीकडे टिकत नाही.

खरजेसाठी ५ टक्के परमेथ्रिनचे मलम मानेपासून तळपायांपर्यंत, बोटांच्या बेचक्या, नखांखालचा भाग, बेंबी आणि जांघा न विसरता, रात्री लावून ८ ते १२ तास ठेवायचे आणि सकाळी आंघोळ करायची असते. आठवड्याने ते पुन्हा लावावे लागते. घरातल्या प्रत्येकाने, खाज असो वा नसो, एकाच रात्री ते लावले नाही तर किडा एका अंगावरून दुसऱ्या अंगावर जाऊन परत येतो. हे सगळे कागदावर सोपे दिसते. घरातल्या सर्वांनी सकाळी भरपूर पाण्याने आंघोळ करावी, अंगावरचे व अंथरुणातले कपडे गरम पाण्यात धुवावेत, अशी सूचना दर चौथ्या दिवशी पाणी येणाऱ्या घराला देणे म्हणजे सूचना न देण्यासारखेच आहे, असे माझे मत आहे. म्हणून आधी पाण्याचा दिवस विचारला आणि मलमाची रात्र त्याच्या आदल्या दिवशी ठरवली. दोन पाळ्या पुढे मोजल्या की आठवा दिवस येत होता, त्यामुळे दुसरी खेपही पाण्याच्या आदल्या रात्रीच बसली.

जड सोलापुरी चादरी आणि वाकळ धुवायला पाणी पुरणार नव्हते. माणसाच्या अंगापासून दूर खरजेचा किडा साधारण दोन ते तीन दिवसच जगतो, तेव्हा चादरी मोठ्या प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून तीन दिवसांहून अधिक काळ ठेवायच्या आणि मग गच्चीवर उन्हात टाकायच्या, असे ठरले. धुवायचे ते फक्त रोजचे कपडे आणि उश्यांचे अभ्रे. मुलगा वॉर्डात कडेच्या खाटेवर होता आणि आई त्याच्या सोबतीला, त्यामुळे त्या दोघांना त्याच रात्री वॉर्डातच मलम लावले. घरी वडिलांनी रात्रपाळीचा एक खाडा केला आणि स्वतःला, आजीला व मुलीला मलम लावले. खाडा म्हणजे बुडालेली मजुरी. हा खर्च औषधाच्या चिठ्ठीवर कुठे लिहिलेला नसतो.

टॉवेलचा प्रश्न आईने स्वतःच सोडवला. तिने सेकंड मालातला एक मोठा टॉवेल स्वस्तात घेतला, त्याचे पाच तुकडे केले, काठ शिवले आणि प्रत्येकाच्या कोपऱ्यावर वेगळ्या रंगाच्या दोऱ्याचा टाका घातला. मुलीचा लाल, भावाचा हिरवा. चार वर्षांच्या मुलीला अक्षर कळत नाही, पण आपला रंग कळतो. याखेरीज सूचना मोजक्याच होत्या : नखे कापणे, खपली नखाने न काढता साबण आणि कोमट पाण्याने भिजवून सोडवणे, मलम लावण्याआधी आणि लावल्यानंतर हात धुणे, नाक पुसायला टाकून देता येईल अशी जुन्या सुती साडीची चिंधी वापरणे. जंतुनाशक म्हणून विकला जाणारा महाग साबण आणू का, असे वडिलांनी विचारले. साध्या साबणाने भागते, असे सांगितले. त्यामागे पुरावा आहे. कराचीच्या गरीब वस्त्यांत झालेल्या आणि २००५ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात ज्या घरांना साबण देऊन हात धुण्याची सवय लावली त्या घरांतील मुलांत इम्पेटायगो ३४ टक्क्यांनी कमी आढळला, आणि साध्या व जंतुनाशक साबणांत फरक दिसला नाही.

सर्वांना एक गोष्ट आवर्जून सांगितली होती. किडे मेल्यानंतरही खाज दोन ते चार आठवडे राहू शकते, कारण त्वचेत उरलेल्या त्यांच्या अंशांना शरीर प्रतिक्रिया देत असते. हे माहीत नसले की लोक औषध लागू पडले नाही असे समजतात, परमेथ्रिन पुन्हा पुन्हा लावतात किंवा सरळ त्या तीन औषधांच्या ट्यूबकडे वळतात. झालेही तसेच : दहाव्या दिवशी आजी खाज आहे म्हणून परत आली. बोटांवर नवी रेघ नव्हती. तिला फक्त खाज कमी करणारी गोळी आणि खोबरेल तेल दिले. हळदीशिवाय.

अंगणवाडी

मुलगी अंगणवाडीत जाते आणि आई कामावर गेल्यावर तिचे दुपारचे खाणे तिथेच होते. फोड पूर्ण सुकेपर्यंत तिला पाठवू नका, असे सांगणे सोपे होते, परंतु घरी थांबण्यासाठी कोणाला तरी रोजगार बुडवावा लागला असता. तोंडाने घेण्याचे प्रतिजैविक सुरू होऊन २४ तास झाले आणि उघडे फोड झाकता आले की मुलांना परत पाठवण्यास हरकत नसते. मुलीला तीन दिवस घरी ठेवले, खरजेची पहिली रात्रही त्यातच उरकली आणि त्यानंतर दंड-गुडघ्यावर गॉजची पट्टी बांधून तिला पाठवले.

सेविकाताईंच्या संमतीने अंगणवाडीतील मुलांचे हात पाहिले. ओरखडे आणि खपल्या असलेली मुले आणखीही होती; त्यांच्या पालकांना बोलावून पूर्ण घरासाठी औषध देण्याची व्यवस्था आशाताईंच्या मदतीने झाली आणि राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या तपासणी पथकालाही कळवले. जेवणाआधी मुले एकाच पातेल्यात हात बुडवून एकाच पंचाला पुसत होती. पाण्याची टंचाई पाहता ती काटकसर समजण्यासारखी होती. आता ताई तांब्याने थोडे थोडे पाणी हातांवर ओततात आणि हात न पुसता वाळू देतात. पाणी पहिल्यापेक्षा फार लागत नाही, असे त्यांनीच नंतर सांगितले.

या सगळ्या खटाटोपाची गरज होती का, असा प्रश्न एका सहकाऱ्याने विचारला. फिजीमध्ये झालेल्या आणि २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने त्याला मोजून उत्तर दिलेले आहे. तिथल्या एका गटात खरूज असलेल्या व नसलेल्या सर्व रहिवाशांना आयव्हरमेक्टिन हे खरजेचे औषध दिले. वर्षभरात खरजेचे प्रमाण ३२ टक्क्यांवरून २ टक्क्यांपर्यंत घसरले आणि त्याबरोबर इम्पेटायगो सुमारे २५ टक्क्यांवरून ८ टक्क्यांवर आला, तेही जिवाणूविरुद्ध सामूहिक असा कोणताही उपचार न करता. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ साली खरजेचा समावेश दुर्लक्षित उष्णकटिबंधीय आजारांच्या यादीत केला. परत परत इम्पेटायगो होणाऱ्या मुलाच्या बोटांच्या बेचक्या पाहिल्याशिवाय चिठ्ठी लिहू नये, असा आग्रह मी धरतो तो याच कारणाने. सगळ्याच मुलांत खाली खरूज सापडेल असे नाही. कोठे एक्झिमा असेल, कोठे डोक्यात उवा, कोठे घरातल्या मोठ्या माणसाच्या नाकात मुक्कामाला असलेला स्टॅफिलोकोकस. काहीतरी मात्र बहुधा सापडते.

पुढील तपासण्या

मुलीच्या खपल्या सातव्या दिवशी पडल्या आणि खाली फिकट गुलाबी त्वचा दिसली. व्रण राहिला नाही, दंडावरचा फिका डाग दोन महिन्यांत भरून आला. सप्टेंबरमध्ये डास चावलेल्या जागी एक फोड पुन्हा उठला. आईने तो पहिल्याच दिवशी ओळखला, दुकानात न जाता विभागात दाखवला आणि म्युपिरोसिनच्या पाच दिवसांत तो गेला. नवीन खरूज घरात कोणालाही नव्हती. आजीचे हात निवळले आहेत, विड्या वळणे पूर्वीसारखेच चालू आहे.

भावाची रक्तदाबाची गोळी तिसऱ्या आठवड्यात बंद केली आणि मीठ हळूहळू पूर्ववत केले. आठव्या आठवड्यात सी३ सामान्य झाले. ते तसे झाले नसते तर मूत्रपिंडाच्या दुसऱ्या एखाद्या आजाराचा विचार करून बायोप्सीपर्यंत, म्हणजे मूत्रपिंडाचा बारीक तुकडा काढून तपासण्यापर्यंत जावे लागले असते. सहाव्या महिन्यात लघवी दिसायला स्वच्छ होती, अल्ब्युमिन नव्हते, मात्र सूक्ष्मदर्शकाखाली काही तांबड्या पेशी अजून दिसत होत्या. अशा पेशी वर्षभर, कधी त्याहून अधिक काळ दिसू शकतात आणि बहुतेक सर्व मुले पूर्ण बरी होतात, हे पालकांना सांगितले आहे. त्याला खेळण्यावर वा खाण्यावर बंधन नाही. दर तीन महिन्यांनी लघवी आणि रक्तदाब तपासायचा. मधल्या काळात चेहरा सुजला किंवा लघवी पुन्हा चहाच्या रंगाची झाली तर तारखेची वाट न पाहता यायचे, आणि हे आईबरोबर त्यालाही वेगळे समजावून सांगितले आहे.